कातळावरच्या खुणा

माणसाने हाती पाटी धरली नव्हती, त्या काळची ही गोष्ट. एका रानातल्या जनावरांनी ठरवलं, की कुठे पाणी आहे आणि कुठे आटलंय, याच्या खुणा एका मोठ्या कातळावर कोरायच्या. नखं बळकट म्हणून काम घोरपडीकडे आलं. पहिल्या वर्षी सगळे धावत येऊन तिला खबर देत. पुढे पुढे ते नुसत्या खुणा पाहायला येऊ लागले. मग घोरपड एकटीच पाणवठे हिंडून खुणा बदलत राहिली. वर्षं गेली, नखं झिजली, पाय उचलेनात.

एका उन्हाळ्यात सांबरीण खूण पाहून पाडसाला उगवतीच्या झऱ्यावर घेऊन गेली. झरा कोरडा ठणठणीत होता. परतीच्या वाटेवर पाडसाने तहानेने प्राण सोडला.

सगळं रान कातळापाशी जमलं.

"तुझा कातळ खोटं बोलतो!" वानर ओरडला.

"झरा आटलेला कुणी पाहिला होता का?" घोरपडीने विचारलं.

वानर चाचरला. "मी पाहिला होता, महिन्यापूर्वी. पण मला वाटलं, तुला ठाऊक असेलच."

घोरपडीला रागही आला नाही, इतकी ती थकली होती. "बाबांनो, माझे पाय पोचतात तेवढंच मला ठाऊक," ती म्हणाली आणि कातळाला टेकून बसली.

तेवढ्यात सांबरीण पुढे आली. तिने खुराने उगवतीच्या झऱ्याची खूण खरवडून काढली. तिच्यामागे वानर मान खाली घालून उभा राहिला. त्याला आणखी दोन पाणवठ्यांचं सांगायचं होतं.