बाळाने ठरवलेला रंग

एकदा एक शिष्य सकाळच्या पाठाला आला आणि पोथी न उघडताच गप्प बसून राहिला. त्याचे गुरुजी वृद्ध, विद्वान, पण स्वभावाने अंमळ खट्याळच. त्यांनी विचारले, "काय रे सुश्रुत, आज ब्रह्म रुसलंय वाटतं?"

"ब्रह्माचं राहू द्या, गुरुजी. रविवारी बाळाचा पहिला फोटो काढायचाय आणि घरात कपड्यांवरून महाभारत चाललंय."

झाले होते असे. सुश्रुतला नुकतीच मुलगी झाली होती. फोटोग्राफर म्हणाला, सगळ्यांनी एकाच फिक्या रंगाचे कपडे घाला, म्हणजे बाळ उठून दिसेल. सुश्रुतच्या आईने लगेच मोतिया रंग पक्का केला. वडील मात्र कापडाचे व्यापारी. ते भडकले. "मोतिया? असला विटका ताका दुकानात आला तर मी आल्या पावली परत पाठवतो! पहिली नात आहे माझी. मी किरमिजी रेशमी झब्बाच घालणार." झाले! तेव्हापासून दोघे एकमेकांशी धड बोलत नव्हते. भाजीत मीठ कमी आहे, हेसुद्धा सुश्रुतच्या मार्फत सांगत होते.

गुरुजींनी सारे ऐकून घेतले. मग म्हणाले, "आणि रेणू काय नेसणार?"

रेणू म्हणजे सुश्रुतची बायको, बाळाची आई.

"तिचा प्रश्नच नाही," सुश्रुत सुटकेच्या स्वरात म्हणाला. "बाळंतपणानंतर तिला एकही ब्लाउज होत नाही. तीच म्हणाली, मी आत थांबते, बाळाला पाजून बाहेर देते, तुम्ही काढा फोटो. तेवढी एक तरी कटकट मिटली बघा."

गुरुजींनी आपली पोथी बांधून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "रविवारी मी येतो. रंग मी ठरवीन. तोवर ज्याला जे आवडतं ते त्याने घालावं."

रविवारी बैठकीच्या खोलीत पांढरा पडदा लागला. आजोबा किरमिजी रेशमात, आजी मोतिया साडीत, आणि सुश्रुत बिचारा दोघांची मने राखायला मोतिया सदऱ्यावर किरमिजी जाकीट चढवून उभा. गुरुजी आपले नेहमीचे धुवट धोतर नेसून आले. आतून रेणूने पोटभर दूध पाजलेले बाळ बाहेर दिले आणि दार लोटून घेतले.

"थांबा," गुरुजी म्हणाले. "आधी बाळाचा डायपर सोडा. मोकळं होऊ द्या त्याला. मग प्रत्येकाने थोडा थोडा वेळ मांडीवर घ्यायचं. बाळाचा आशीर्वाद मिळाल्याशिवाय फोटो नाही."

सुश्रुतने चमकून गुरुजींकडे पाहिले. डायपर सोडायचा? आत्ता? पण गुरुजींची आज्ञा मोडणार कोण!

आजोबांनी मोठ्या कौतुकाने नातीला मांडीवर घेतले आणि पुढच्याच क्षणी किंचाळले, "अगं अगं अगं! अस्सल रेशीम आहे गं बाई!" झब्बा पुढून चिंब झाला. आजी पदराआड हसू दाबत म्हणाली, "माझ्याकडे द्या, तुम्हाला धरताच येत नाही." तिने बाळाला खांद्यावर टाकून पाठ थोपटली, तर बाळाने ढेकर दिला आणि त्याबरोबर अर्धे दूध मोतिया साडीवर. उरलेले सुश्रुतच्या जाकिटावर. शेवटी गुरुजींनी बाळ घेतले. त्यांच्यावर बाळाची विशेष कृपा झाली. पिवळी.

पळापळ झाली. सगळे कपडे बदलून आले ते असे: आजोबा बनियन आणि लेंग्यात, आजी रोजच्या घरच्या साडीत, सुश्रुत बोळा झालेल्या टीशर्टात आणि गुरुजी आजोबांच्या चौकड्याच्या लुंगीत. फोटोग्राफरने कपाळाला हात लावला.

"आता रेणूला बोलवा," गुरुजी म्हणाले.

रेणू दारातच थबकली. अंगावर ढगळ गाऊन, केस कसेबसे बांधलेले, डोळे जागरणाने सुजलेले. तिने एकेकाला न्याहाळले आणि इतकी हसली, इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "अगंबाई! आज तर माझंच कापड सगळ्यांत बरं दिसतंय!" घरात कित्येक दिवसांत तिचे हसू कोणी ऐकले नव्हते. सासूबाईंनी तिचा हात धरला आणि तिला मधोमध बसवले. बाळ तिच्या मांडीवर गेले आणि मुकाट्याने झोपले. फोटो निघाला.

गुरुजींना पोचवायला जाताना सुश्रुत म्हणाला, "गुरुजी, हे तुम्ही मुद्दाम केलंत. का?"

गुरुजी चालता चालता थांबले. "माझ्या बारशाचा एक फोटो आमच्याकडे आहे. आजोबा, वडील, काका, सगळे फेटे बांधून ऐटीत बसलेत. आई नाही त्यात. धड लुगडं नव्हतं म्हणून ती आत थांबली होती. कोणी तिला ये म्हणालं नाही. मला समज यायच्या आत ती गेली. तिचा एकही फोटो कधी निघालाच नाही. एवढा म्हातारा झालो बाबा, पण काकांच्या फेट्याची गाठ मी डोळे मिटून सांगेन, आणि माझी आई दिसायची कशी, ते मला माहीत नाही."

सुश्रुतच्या डोळ्यांत पाणी आले. कटकट मिटली, असे तो म्हणाला होता. त्याला ते आठवले आणि स्वतःची फार लाज वाटली.

तो फोटो आज व्यापाऱ्याच्या दुकानात, गादीच्या बरोबर वर लावलेला आहे. गिऱ्हाईक हटकून विचारते, "शेठ, एवढं रेशीम विकता आणि फोटोत बनियनवर?" शेठ सांगतात, "कपडे नातीने निवडले." मग रेणूकडे बोट दाखवून म्हणतात, "ही तिची आई. आमची सून."

आपल्या घरी कधी फोटो निघायचा असला, तर रंग खुशाल ठरवा. फक्त त्याआधी एकदा आतल्या खोलीत डोकावून या.