सैल दोर

खुंट्यांनाही बोलता येत होतं, त्या काळची ही गोष्ट. एका इनामदाराच्या पागेत पारवी नावाची घोडी होती आणि तिची निगा राखायला गेनू मोतद्दार होता. दोराला पक्की गाठ मारायची, हा पागेचा नियम. गेनू मात्र दोर खुंट्याभोवती नुसता गुंडाळायचा आणि त्याच खुंट्याला टेकून दुपारभर पारवीशी गप्पा मारायचा.

एकदा इनामदारांनी ते पाहिलं. "गेनू, गाठ कुठं आहे?"

"कशाला, सरकार? ती कुठं जातेय?"

"आणि गेली म्हणजे?"

"फिरून येईल की."

त्याच दिवशी गेनूला त्याच्या गावी धाडून दिलं.

नवा मोतद्दार नियमाचा पक्का होता. वेळेवर चंदी, वेळेवर खरारा आणि दोराला घट्ट गाठ. पारवीला कशाची उणीव नव्हती. तरी गेनू गेला त्या वाटेकडे बघत ती दोर ओढत राही.

खुंटा म्हणाला, "बाई, दोर सैल होता तेव्हा एकदाही निघाली नाहीस. आता बांधल्यावर ओढतेस?"

"तेव्हा तो इथंच होता," पारवी म्हणाली.

टेकून बसणारं खुंट्यालाही आता कुणी उरलं नव्हतं. जागचं हलायचं नाही, एवढाच त्याचा नियम, आणि तो त्यानं जन्मभर पाळला होता. योग्य काय, हे त्याला नीटसं कळेना. पण पारवीनं पुन्हा ओढ दिली, तेव्हा त्यानं मातीतली पकड थोडी सैल केली.

दोराची गाठ शेवटपर्यंत सुटली नाही. पारवी गेनूच्या गावाच्या वाटेला लागली, आणि तिच्यामागं फरफटत खुंटाही.