धुक्याचा तिसरा दोर

एका राज्यात एक अजब रीत होती. शिकणाऱ्याने आपल्या कामाकडे वळून पाहायचे नाही. गाणे असो, मडके असो, मंत्र असो, राजाची पारखी मैना बोलेल तेच खरे. राजकन्या रेणुमती याच रीतीत वाढली.

एकदा राजा धैर्यकेतू शापित खजिन्यासाठी काळविहिरीत उतरला आणि खालीच अडकला. रेणुमती मैनेला खांद्यावर घेऊन विहिरीवर आली. काठावर राखणदार जादूगार कराळ बसला होता.

"माझ्या बाबांना सोड."

"सोडतो की! या धुक्याचा दोर वळ. खाली सोडण्याआधी तो कसा झालाय ते आपल्या तोंडाने सांग. बोल आणि दोर जुळले तर राजा वर. नाहीतर दोराचं पुन्हा धुकं. दोर तीनच. तिसरा विरला की विहीर मिटली."

कराळाने एकदा दोर वळून दाखवला. रेणुमतीने धुक्याचे पेड ओढले, पीळ भरला आणि सवयीने मैनेकडे पाहिले.

"उत्तम!" मैना म्हणाली.

"उत्तम," रेणुमती म्हणाली. दोर पाण्याला टेकायच्या आतच विरला.

तिने दुसरा वळायला घेतला. बोटे सोलली, डोळे भरून आले.

"अगदीच भिकार," मैना म्हणाली.

"भिकार झालाय," रेणुमती म्हणाली. दोर खाली गेला. खालून कोणीतरी तो धरला, ओढला, आणि धरलेल्या हातातच त्याचे धुके झाले.

कराळ खो खो हसला. "चांगला होता की गं तो!"

रेणुमतीने मैनेला हातावर घेतले. "खरं सांग. तुला दोरातलं काय कळतं?"

"काही नाही, बाईसाहेब. मी तुमचा चेहरा बघते आणि बोलते. आजवर कोणी विचारलंच नाही."

"मग आता गप्प बैस."

तिने तिसरा दोर वळला. मग रीत मोडून तो मांडीवर घेतला आणि टोकापासून चाचपत निघाली. इथे पीळ घट्ट. इथेही घट्ट. मध्यावर बोट थांबले.

"बोल लवकर!" कराळ ओरडला.

"थांब. इथे घाई झाली माझी. एक पेड सैल राहिलाय."

तिने तेवढाच भाग उकलला, पुन्हा वळला, पायाखाली धरून ताणून पाहिला. मग ती कराळाकडे वळली.

"दोर पक्का आहे. मध्यावर खरखरीत आहे, हाताला बोचेल. पण माणूस पेलेल."

कराळाचे हसू मावळले. दोर खाली गेला, ताणला, आणि तसाच राहिला. रेणुमतीने ओढायला सुरुवात केली. काठावर आधी दोन हात आले, मग मुकुट नसलेले डोके. त्याच क्षणी शाप तुटला. कराळाचे धुके झाले आणि ते वाऱ्यावर गेले. खजिना तळाशीच राहिला.

राजाने आपले ओरखडलेले तळवे पाहिले. "मध्यावर बोचला गं."

"ठाऊक आहे, बाबा. पुढचा मऊ वळीन."

राजाने त्याच दिवशी रीत बदलली. आधी शिकणाऱ्याने आपले काम पाहून बोलायचे, मग गुरूने. मैनेला पेरूच्या बागेत सुट्टी मिळाली.

रेणुमतीचा दोर तिच्या बाबांना पुरला. ऐकणाऱ्यांचे दोर त्यांच्या माणसांना पुरोत.