पाचूबेटावरची ओळख

व्यापाऱ्याला समुद्र एक वेळ सोडेल, पण बंदरावरचा परवानेवाला सोडत नाही. सांगलीचे विरूपाक्ष शेटे हळदीची साठ पोती घेऊन पाचूबेटाला पोचले, तेव्हा त्यांना हे चांगलंच कळलं. परवाना मिळाला नाही तर दुपारी त्याच गलबतानं मालासकट परत जायचं, असा तिथला कायदा होता.

परवाने-अधिकाऱ्यानं त्यांना सकाळभर उभं करून चौकशी केली. आजोबांचं नाव, पाठीवरचे तीळ, पडलेले दात, सासऱ्यांचा धंदा, सगळं लिहून घेतलं आणि मग कागद बाजूला सारला.

"बेटावरच्या एका रहिवाशानं 'मी यांना ओळखतो' असं लिहून द्यावं लागतं. तुम्हाला इथं ओळखतं कोण? बसा गलबतात."

"बसतो की. पण साहेब, घाईत काही विचारायचं राहिलं नाही ना?"

अधिकाऱ्याला ते झोंबलं. "माझ्या चौकशीतून काही सुटत नाही. माणूस बायकोला ठाऊक नसेल इतका मला ठाऊक होतो."

"आणि आपण राहणार कुठले?"

"इथलाच. सात पिढ्यांचा."

"मग मी दुसरा माणूस कशाला हुडकू?" शेट्यांनी लेखणी त्याच्यापुढे धरली. "ओळखतो म्हणून लिहा. नाहीतर चौकशी कच्ची झाली, असं लिहा."

मागची रांग हसू लागली. अधिकाऱ्यानं निमूट सही केली, पण 'ओळख कधीपासूनची?' या रकान्याशी त्याचा हात अडला.

शेटे प्रेमानं म्हणाले, "आज सकाळपासूनची लिहा. सरकारी कागदावर खोटं कशाला?"