सिदूचं घोंगडं आणि सिदूचे पाय

एक होता राजा. पण त्याची गोष्ट आज नाही. तो मऊ गादीवर निजलाय, निजू दे त्याला. आज गोष्ट त्याच्या राज्यातल्या एका घोंगडं विणणाऱ्याची. दिगंबर, आधी ते पांघरूण ओढायचं थांबव, तिकडे शालू उघडी पडतेय. हां, आता सांगते.

तर माळाच्या कडेला एक गाव होतं. त्या गावात सिदू राहायचा, त्याची बायको बायजा, आणि त्यांची लेक ठकू, अगदी शालूएवढी. सिदूचा माग घरातच. जमिनीत खड्डा केलेला, त्यात पाय सोडून बसायचं आणि दिवसभर विणायचं. बायजा चिंचोके वाटून त्यांची खळ करायची आणि घोंगड्याला लावायची, म्हणजे घोंगडं कसं ताठ राहतं. बाजाराच्या दिवशी सिदू घोंगडी विकायचा. त्यातून ज्वारी यायची, मीठमिरची यायची, कधीमधी ठकूला रेवड्याही यायच्या. बरं चाललं होतं त्यांचं.

घरात पांघरायला मात्र एकच घोंगडं, आणि तेही लहानसं. मग तिघं कशी निजायची, सांगू? सिदू गुडघे पोटाशी घेऊन मुटकुळं करायचा. त्याच्या पाठीला पाठ लावून बायजा. आणि ठकू बापाच्या पायाशी. त्याचे पाय पोटाशी धरून निजायची, मांजरीच्या पिल्लासारखी. बापाच्या पायांना ठकूची ऊब आणि ठकूला बापाची. माळावरचा वारा दारावर धडका मारायचा आणि कंटाळून निघून जायचा.

मग एकदा काय झालं, सिदू पाटलाच्या घरी गेला, विणलेलं घोंगडं द्यायला. तिथे बाजेवर पाटलाचं रोजचं घोंगडं घडी करून ठेवलं होतं. चांगली चौपदरी घडी, उशीएवढी जाड. सिदू बघतच राहिला. त्याला वाटलं, एवढ्या घोंगड्यात पाटील किती सुखानं झोपत असेल. आपण जन्मभर घोंगडी विणतो आणि आपल्याच घरी हे टीचभर. त्याला घडी दिसली, बरं का. पाटलाचे पाय कुठे दिसले?

घरी आला आणि म्हणाला, आपल्या घोंगड्याचं माप तर घेऊ. घोंगडं पसरलं आणि खाली आडवा झाला. विणणारा माणूस तो, त्याला माप म्हणजे सरळ. काठीसारखा ताठ झाला. बघतो तर पाय घोट्यापर्यंत बाहेर.

"बायजे, बघ. माझं पाय उघडंच असत्यात की."

"आवं, पण असं ताठ निजतंय कोण?" बायजा म्हणाली.

पण त्याच्या मनानं एकदा घेतलं ते घेतलं. त्या दिवसापासून त्याचे पाय गार पडायला लागले.

मग सिदू माळावर लोकर आणायला गेला. तिथे बोरीच्या जाळीत एक म्हातारी मेंढी अडकलेली. कळप पुढे गेला, ही बिचारी मागे राहिली. सिदूनं काटे बाजूला करून तिला सोडवलं, पायात मोडलेला काटा काढला, आपल्या भाकरीतला तुकडा दिला. माणूस मनाचा चांगला होता, हे विसरू नका. तशी मेंढी बोलली, "लेकरा, माझी लोकर कातर. तुझ्या घरच्या घोंगड्याला लागेल तेवढी घे. सरली तर पुन्हा ये."

मेंढी बोलते का म्हणे? तेव्हा बोलायच्या. मध्येमध्ये विचारू नये.

आणि लोकर कशी, तर कोकराचं जावळ पहिल्यांदा कातरतात ना, तसली मऊ. सिदूनं तिचा हातभर तुकडा विणला आणि घोंगड्याला जोडला. त्या रात्री तो पाय पसरून निजला. ठकूला म्हणाला, "आता पायाशी कशाला? जा, आईपाशी नीज." ठकू गेली. सिदूला काय झोप लागली म्हणता! चार दिवस गडी खूश.

पाचव्या दिवशी बघतो तर अंगठा बाहेर. घोंगडं आटलं म्हणावं, तर घोंगडं तेवढंच. सिदूचे पाय वाढले होते. मोकळी जागा दिसली आणि पाय पसरत गेले. पायांना कुठे अक्कल असते? मागाच्या खड्ड्यात ते मावेनात, म्हणून सिदूनं खड्डा मोठा केला.

मग तो पुन्हा मेंढीकडे गेला. ती आनंदानं म्हणाली, "घे की." या खेपेला त्यानं भिंतीपर्यंत पोचेल एवढं विणलं. पण एवढं घोंगडं झोपडीत कसं मावायचं? मग झोपडी वाढवली. झोपडी वाढवायला पैसा लागला, म्हणून विकायची घोंगडी दुप्पट विणायला घेतली. पूर्वी अंधार पडला की माग बंद करून ठकूला मांडीवर घ्यायचा. आता दिवा लावून विणत बसायचा. बाजारात दुप्पट पैसे मिळाले, तरी झोपडीला पुरेनात. ठकू बिचारी मागाशेजारी बसायची आणि बसल्या बसल्या पेंगायची. मला तर तिची फार दया येते.

आणि पाय? परत बाहेर! आता तर ते नांगरासारखे दिसायला लागले. चालताना शेजाऱ्यांच्या कोंबड्या पळायच्या.

सिदू तिसऱ्यांदा माळावर गेला. म्हणाला, "ह्या खेपेला असं घोंगडं हवं, की पुन्हा मागायला नको."

मेंढीनं त्याच्याकडे खालून वर पाहिलं. म्हणाली, "हवी तेवढी लोकर ने. घोंगडं मी देते, लेकरा. पाय तुझे तू बघ."

पण सिदूला आता ऐकायला सवड कुठे होती? विणलं, विणलं, विणलं. घोंगडं झोपडीभर झालं, दारातून अंगणात गेलं, अंगणातून पार गोठ्यापर्यंत. बायजा म्हणाली, "आवं, आता पुरं." तर म्हणाला, "एवढं झालं की पुरं." मग एका टोकाला सिदू निजला, दुसऱ्या टोकाला बायजा, आणि ठकू मध्ये कुठेतरी. हाक मारली तरी ऐकू जाईना, एवढं अंतर.

थंडीचे दिवस होते. सिदूला जाग आली. पाय गार, पाठ गार. एवढ्या घोंगड्यात ऊब कुठेच नाही. आणि तेवढ्यात लांबून, घोंगड्याखालून बारीक आवाज आला.

"बा... बा, मला गार लागतंय. तू कुठं हायस?"

सिदूचं काळीज हललं. तो घोंगड्याखाली शिरला आणि रांगायला लागला. आत अंधार, आणि वर एवढं जड घोंगडं. इकडे जावं तर ठकूचा आवाज तिकडून येतोय. त्यात ते नांगरासारखे पाय! एक इथे अडकला, दुसरा तिथे. त्याला पुढे जाताच येईना. आवाज तर बारीक होत चालला.

"ठकू, बोलत राहा गं," तो रडत म्हणाला. "बोलत राहा, माझ्या बाय."

मग त्याला सुचलं. त्यानं गुडघे पोटाशी घेतले. पूर्वी घ्यायचा तसे. घेतले आणि काय गंमत, पाय थोडे लहान झाले. आणखी आवळले, आणखी लहान झाले. मग त्यानं अंगाचं अगदी गाठोडं केलं आणि लोळत लोळत निघाला आवाजाच्या दिशेनं. लोळता लोळता एका गार गार इवल्या हाताला लागला.

ठकूच होती ती. चाचपडत खाली गेली आणि बापाचे पाय धरून पोटाशी घेतले. मग म्हणाली, "बा, हेच तुझं पाय. मधी कुठं गेलं हुतं?"

सिदू हसला आणि रडलाही. बायजा तोवर हाका मारत पोचलीच, आणि तिनं पाठीला पाठ लावली. तिघं तशीच निजली, सकाळपर्यंत.

सकाळी सिदूनं कात्री घेतली. घोंगड्याचे तुकडे केले आणि ज्याच्या घरी पांघरायला नव्हतं त्याच्या घरी नेऊन दिले. सगळंच वाटलं असंही नाही हं. जुन्या घोंगड्याला त्या मऊ जावळाची वीतभर किनार तेवढी ठेवली, ठकूच्या गालाला लागायला. मग मेंढीला सांगायला माळावर गेला, तर मेंढी नव्हती. बोरीच्या काट्याला पांढरी लोकर तेवढी अडकली होती.

संध्याकाळी पाटील आला. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "सिद्या, हातभर तुकडा उरला असला तर मला दे रे."

"पाटील, तुमचं घोंगडं तर केवढं मोठं!"

"मोठं आहे रे. पण अंगठा बाहेर राहतो."

कातरताना उरलेला एक तुकडा सिदूनं त्याला दिला. का देऊ नये? थंडी त्यालाही वाजतेच. फक्त जाताना म्हणाला, "पाटील, ह्यो तुकडा जोडा. पण गुडघं बी जरा पोटाशी घ्या."

त्या रात्री बायजानं पाहिलं आणि म्हणाली, "आवं, तुमचा अंगठा बाहेर हाय."

"असू दे," सिदू म्हणाला. "त्यो ऱ्हायाचाच."

आणि तिघं सुखानं निजली.

दिगंबर, तुझाही अंगठा बाहेर आहे, मला दिसतोय. नाही, दुसरं पांघरूण काढायचं नाही. शालू, तू त्याच्याकडे सरक आणि पायावर पाय ठेव. किती गार आहेत गं तुझे! माझ्याही पायावर ठेव एक. असं. आता डोळे मिटा, मी दिवा घालवते.