चुटकूराव खरखरे यांची झोप

चिंचेच्या झाडावर होती एक ढोली. ढोलीत राहायची खारआई, राहायचे खारबाबा आणि त्यांचं एवढंसं पिल्लू. पिल्लाचं नाव चुटकू.

चुटकूला भारी खाज सुटायची. सकाळी खर्र खर्र. दुपारी खर्र खर्र. निजताना तर विचारूच नका. खर्र खर्र खर्र. सगळ्या खारींना पाठीवर पट्टे असतात. चुटकूनं पोटावरसुद्धा काढले होते, स्वतःच्या नखांनी.

"काय छान चित्रकार आहे मी," चुटकू म्हणायचा. मग हळूच फुंकर घालायचा, कारण ती चित्रं झोंबायची.

एका सकाळी चुटकू उठला. उठला कसला, झोपलाच नव्हता. उशीखाली पाहिलं. झोप नाही. पांघरुणात पाहिलं. झोप नाही. चुटकूची झोप हरवली होती.

डोळे लाल. नाक लाल. हुं हुं हुं. चुटकूला रडू आलं. थोडंसं रडला. मग निघाला झोप शोधायला. तुरु तुरु तुरु.

वरच्या फांदीवर झोप बसली होती. पाय हलवत, जांभया देत.

"कोण आलंय?"

"मी चुटकूराव खरखरे."

"काय हवंय?"

"झोपे झोपे, माझ्या डोळ्यांत ये."

झोप म्हणाली, "तुझ्याकडे सारखी खर्र खर्र. माझाच डोळा लागत नाही. खाज जाईना, तर मी येईना."

खाज काही लांब नव्हती. चुटकूच्याच गुडघ्यामागे, घडीत बसली होती. चुटकूनं मान वाकडी केली.

"कोण आलंय?"

"मी चुटकूराव खरखरे. खाजे खाजे, जा ना. खाज जाईना, झोप येईना. चुटकूरावांनी करावं काय?"

खाज म्हणाली, "कातडी कशी कोरडी कोरडी. मला इथेच करमतं. कातडी मऊ होईना, तर मी जाईना."

कातडीसुद्धा चुटकूचीच. पोटावर पसरली होती, खरबरीत, रुसलेली.

"कोण आलंय?"

"मी चुटकूराव खरखरे. मीच तुझ्यावर चित्रं काढतो. रागावू नकोस. कातडी कातडी, मऊ हो. कातडी मऊ होईना, खाज जाईना, झोप येईना. चुटकूरावांनी करावं काय?"

कातडी म्हणाली, "मला तहान लागलीय. मलम लागेना, तर मी मऊ होईना."

चुटकू ढोलीत शिरला. तुरु तुरु तुरु. फळीवर मलमाची डबी होती. डॉक्टर साळुंकीबाईंनी दिलेली. झाकणावर ही एवढी धूळ. आणलं तेव्हा लावलं होतं. खाज जरा कमी झाली आणि सगळेच विसरले. चुटकूनं फुंकर मारली. फूऽऽ.

"कोण आलंय?"

"मी चुटकूराव खरखरे. विसरभोळ्या घरातला. मलम मलम, लाग ना. मलम लागेना, कातडी मऊ होईना, खाज जाईना, झोप येईना. चुटकूरावांनी करावं काय?"

मलम म्हणालं, "आधी अंघोळ. मग ओलसर अंगावर मी. पाणी अंघोळ घालीना, तर मी लागेना."

चुटकू झाडाखाली आला. तुरु तुरु तुरु. बादलीत पाणी होतं. पाण्यातून वाफ निघत होती. फुस्स फुस्स.

"कोण आलंय? लांब राहा. भाजेल."

"मी चुटकूराव खरखरे. पाणी पाणी, अंघोळ घाल. पाणी अंघोळ घालीना, मलम लागेना, कातडी मऊ होईना, खाज जाईना, झोप येईना. चुटकूरावांनी करावं काय?"

पाणी म्हणालं, "मी कढत. तुझी कातडी नाजूक. ती आणखी चिडेल, आणखी कोरडी होईल. बंब निवेना, तर मी अंघोळ घालीना."

बंब शेजारीच होता. बंब म्हणजे पाणी तापवायचं तांब्याचं भांडं. गोल गोल पोट. पोटात विस्तव. डोक्यावर धुराडं. धुस्स धुस्स.

"कोण आलंय?"

"मी चुटकूराव खरखरे. बंबा बंबा, निव ना. बंब निवेना, पाणी अंघोळ घालीना, मलम लागेना, कातडी मऊ होईना, खाज जाईना, झोप येईना. चुटकूरावांनी करावं काय?"

बंब म्हणाला, "मला का हौस आहे? बाबा काड्या घालतात, मी तापतो. बाबा काड्या काढीनात, तर मी निवेना."

तेवढ्यात बाबाच आले. शीळ घालत आले. एका हातात काड्या. दुसऱ्या हातात नारळाचा काथ्या, अंग घासायला.

"कोण आलंय? आमचे चुटकूराव?"

"हो, मीच तो खरखरे. बाबा बाबा, काड्या काढा. बाबा काड्या काढीनात, बंब निवेना, पाणी अंघोळ घालीना, मलम लागेना, कातडी मऊ होईना, खाज जाईना, झोप येईना. चुटकूरावांनी करावं काय?"

बाबा म्हणाले, "आपल्या घरात सगळे कढत पाण्यानंच न्हातात. वर काथ्यानं खसाखसा. अंग कसं लालबुंद निघतं."

"माझं आधीच लालबुंद आहे, बाबा."

बाबांनी पाण्यात पंजा घातला. "हे बघ. कोमटच तर आहे."

(असं म्हणणारं कोणी तुमच्या घरी आहे का? हळूच बघा त्यांच्याकडे. गोष्ट तेच वाचत असतील.)

आईनं ढोलीतून डोकं काढलं. "अहो, दिवसभर झाडावर चढता. तळव्याला घट्टे पडलेत. त्याला काय कळणार? साळुंकीबाई म्हणाल्या होत्या, पाण्यात कोपर घालून बघा."

"कोपराला काय विचारायचं? विचारा हवं तर. कोपर बोलेना, तर मी काड्या काढीना," बाबा म्हणाले आणि ऐटीत बाही मागे सारली.

चुटकू कोपरापाशी गेला. आता त्याला उभंही राहवत नव्हतं.

"कोण आलंय?" कोपर म्हणालं.

"मी चुटकूराव खरखरे. कोपरा कोपरा, बोल ना. कोपर बोलेना, बाबा काड्या काढीनात, बंब निवेना, पाणी अंघोळ घालीना, मलम लागेना, कातडी मऊ होईना, खाज जाईना, झोप येईना. चुटकूरावांनी करावं काय?"

कोपराला आजवर कोणी काही विचारलंच नव्हतं. ते एकदम खूश झालं. शिरलं पाण्यात. डुबुक.

"चटका! चटका! चटका!" कोपर बोललं.

बाबा उडाले ते थेट वरच्या फांदीवर. झोपेच्या मांडीत जाऊन पडले.

झोप म्हणाली, "तुम्ही नाही हो. मला छोटी खार हवीय."

बाबा खाली उतरले. कोपरावर फू फू करत उतरले. आधी हसले. मग हसायचे थांबले.

"काय शहाणा बाप आहे मी," ते म्हणाले. "रोज पोराला बटाट्यासारखा उकडतोय आणि वर घासतोय. दुखत होतं का रे?"

"हो," चुटकू म्हणाला.

बाबांनी त्याला जवळ घेतलं. त्यांना फार वाईट वाटलं. काथ्या दिला भिरकावून. आणि मग काय झालं?

कोपर बोललं, बाबांनी काड्या काढल्या.

बाबांनी काड्या काढल्या, बंब निवला. धुस्स... धुस्स... धुस.

बंब निवला, पाणी कोमट झालं. कोपरानं पुन्हा बघितलं. "छान," म्हणालं.

पाण्यानं अंघोळ घातली. डुबुक डुबुक. थोडीशीच. जास्त वेळ डुंबायचं नाही. आईनं मऊ पंचा घेतला. टिप टिप टिप. घासायचं नाही, टिपायचं. टिपता टिपता नखंही कापली. कट कट कट.

पाण्यानं अंघोळ घातली, मलम लागलं. ओलसर अंगावर, भरपूर. पोटावर लागलं. गालावर लागलं. गुडघ्यामागे घडीत लागलं. बाबांनीच लावलं, अगदी हलक्या हातानं. थोडं बाबांच्या मिशीला लागलं.

मलम लागलं, कातडी मऊ झाली. गटागटा प्यायली आणि गप्प बसली.

कातडी मऊ झाली, खाज निघाली. जाता जाता म्हणाली, "मी येईन हं अधूनमधून. माझी सवयच तशी."

"ये," आई म्हणाली. "आमची डबी आता फळीवर नसेल. हाताशी असेल. रोज लावणार आहोत, तू असलीस तरी आणि नसलीस तरी."

खाज जरा खट्टू झाली. गेली निघून.

खाज गेली आणि झोप आली. बाहेर लख्ख ऊन. चिमण्यांचा गलका. झोपेला त्याचं काय? फांदीवरून उतरली, ढोलीत शिरली, चुटकूच्या डोळ्यांत जाऊन बसली.

"झोपला?" बाबांनी विचारलं.

"श्श," आई म्हणाली.

दोघं चुटकूकडे बघत राहिले. खर्र नाही, खुर्र नाही. पोट वर जातंय, पोट खाली येतंय. आईला रडू आलं, पण छान वाटून. कारण खरं सांगायचं, तर त्या ढोलीत कितीतरी दिवस कोणीच झोपलं नव्हतं. चुटकू नाही, म्हणून आई नाही. आई नाही, म्हणून बाबा नाही.

झोपेनं एक डोळा उघडला. थोडी सरकली. तिनं आईला जवळ घेतलं. मग बाबांनाही घेतलं.

ढोली झाली गुपचूप,
गोष्ट झाली गुपचूप,
आता आपण... गुपचूप.