आधी काकूचा घास

ग्वाल्हेरला लश्कर भागात, जुन्या बाजाराच्या मागे, काकूचा बोळ आहे. रिक्षावाल्याला 'काकू की गली' म्हटलं की तो पुढचं काही न विचारता आणून सोडतो. सगळा बोळ खाण्याचा. एक मराठी खाणावळ, तिला लागून पराठेवाला, समोर बेडई-कचोरी, आणि हल्ली टोकाला एक डोसेवालाही आलाय. कुठेही बसा, काय हवं ते सांगा. ताट तयार होतं, पण तुमच्यापुढे येत नाही. आधी रांधणारा माणूस बाहेर येतो, सगळ्यांना दिसेल असा बसतो आणि स्वतःच जेवायला लागतो. फार नाही, चार घास. तेवढा वेळ गिऱ्हाइकाने हात मांडीवर ठेवून बघत बसायचं.

बाहेरगावची माणसं चिडतात. मोबाइलवर लिहितात, मालक उद्धट आहे, आम्ही उपाशी आणि हा आमच्या तोंडासमोर जेवतोय. एकच तारा देतात. देऊ देत बापडे. तुम्ही अजून काही बोलला नाहीत, पण चेहरा सांगतोय. किल्ला चढून आलात, वरून हे ऊन, पाय गळून गेले असतील. आचाऱ्याच्या शेवटच्या पोळ्या चालल्यात, तेवढ्यात गोष्ट होऊन जाईल. पाणी घ्या.

या बोळात पूर्वी दुकानं नव्हती. छावणीकडे जाणारी धुळीची वाट होती आणि वाटेवर दोन खोल्यांचं एक घर. त्या घरात चिमाकाकू राहायची. मूळची माणदेशातल्या एका वाडीवरची. नवरा विसाजीपंत छावणीत कारकून, त्याच्या मागोमाग ती इतक्या लांब आली. ना ओळखीचं पाणी, ना ओळखीची बोली. वर्ष उलटलं नसेल तोच फौज उत्तरेकडे निघाली आणि पंतांनाही बिऱ्हाड टाकून जावं लागलं.

निघायच्या दिवशी काकूने, असं सांगतात, उंबऱ्यात उभं राहून कुळस्वामिनीला नवस बोलला. हे परमुलखात कुणाच्या तरी दारात जेवतील. तेव्हा माझ्या दारात आलेला शेवटचा वाटसरू जेवून हात धुवेपर्यंत मी तोंडात घास घालणार नाही. मी इथे उपाशी माणूस परत पाठवला नाही, तर तिथे त्यांनाही कुणी परत पाठवणार नाही. हे परत येतील तोवर हा नेम.

नवस चांगलाच होता. चूक झाली ती मापात. बाई बोलली ती वाडीच्या हिशेबाने. वाडीवर दारात वाटसरू यायचा तो सणासुदीला, चुकलामाकला. आणि हे होतं लश्कर. दक्षिणेतून काशीला जाणारे इथून जायचे, मथुरेला जाणारे इथून, छावणीत चाकरी शोधायला येणारे इथेच. आपल्या चवीची आमटी एका मराठी बाईकडे मिळते, हे एकदा कळल्यावर पंगत उठायची तोवर दुसरी दारात उभी. काकूला हे पहिल्याच आठवड्यात उमगलं. पण नवस फेडता येतो, मोडता येत नाही, असं लहानपणापासून ऐकलेलं. रांधत राहिली.

मग तिचे दिवस असे जायला लागले. पहाटे चूल पेटवायची, ती निवायची दिवेलागणीला. शेवटची पंगत उठली की स्वतःचं पान वाढून घ्यायचं. तेवढ्यात दारातून हाक, "काकू, आहे का हो काही?" की तेच पान उचलून त्याच्यापुढे. कधी भाकरीचा तुकडा मिळायचा, कधी पातेल्याला लागलेला भात. बरेचदा नुसतं पाणी. हाताची बांगडी कोपरापर्यंत चढायला लागली. चव घ्यायची नाही म्हणून मीठ अंदाजाने पडायचं, आणि थकलेल्या माणसाचा अंदाज किती खरा? एखाद्या दिवशी आमटी अळणी, एखाद्या दिवशी खारट. जेवणारे वाटेला लागलेले लोक, नाक मुरडून जेवायचे आणि पुढे जायचे. रांधणारी जेवली का, हे कुणी विचारत नाही. तुम्ही तरी आजवर कुठल्या हॉटेलात विचारलंय?

विचारायचा तो एकटा समोरचा मटरू हलवाई. दूध द्यायला यायचा आणि दारातूनच कुरकुरायचा, "काकूजी, चूलसुद्धा लाकूड मागते. तुम्ही कशावर जळताय?" काकू म्हणायची, "ते येईपर्यंत कळ काढते, मटरू." दोन उन्हाळे त्याने हेच उत्तर ऐकलं. पुढे त्याने विचारणंही सोडलं.

आणि मग वैशाखातल्या एका दुपारी ती म्हातारी आली. अन्नपूर्णाच होती, असं बोळातल्या बायका म्हणतात. मटरूच्या घराण्यात मात्र सांगतात की कुठली देवी आणि कुठलं काय, वऱ्हाडाकडची साधी यात्रेकरू होती, टाचा फुटलेल्या, पाठीवर बोचकं. तुम्हाला पटेल ते धरा. ती आली, हातपाय धुतले, पंगतीत बसली. पत्रावळी मांडल्या, भात वाढला, वरण वाढलं. सगळ्यांनी घासाला हात घातला आणि म्हातारीने आपला हात मागे घेतला.

"तू जेवलीस का गं?" तिने काकूला विचारलं.

"मी मागाहून जेवते, आजी. तुम्ही घ्या."

"तुझं तोंड बघून तसं वाटत नाही. माझा नेम आहे पोरी, रांधणारी उपाशी असेल तर मी जेवत नाही."

झालं. इकडे हिचा नवस, तिकडे तिचा नेम. पंगतीची रीत तुम्हाला ठाऊक आहे, एकाने हात आवरला की बाकीच्यांना घास उचलता येत नाही. त्यात थोरलं माणूस. सगळी पंगत हात मांडीवर घेऊन बसली. बाहेर लूचा गरम वारा वाहत होता, आत वरणावर साय धरायला लागली. कुणी म्हातारीला विनवलं, कुणी काकूवर डाफरलं, एकाने तर मटरूला बोलावून आणलं. तो आला, बघितलं, आणि दाराशी उकिडवा बसून राहिला. म्हणाला, "माझं ऐकलं नाही, आता हिचं तरी ऐका."

काकू कात्रीत सापडली. पाहुणे उपाशी उठले तर नवस मोडतो, आणि आपण आधी जेवलो तरी मोडतो. दोन्हीकडून तिला एकच दिसत होतं. कुठल्या तरी परक्या दारातून पंत उपाशी परत फिरताहेत.

"आजी, मी जेवले आणि तिकडे त्यांचं काही बरंवाईट झालं तर?"

"आणि तू अशी जेवणावाचून गेलीस आणि ते परत आले तर? वाढणार कोण त्यांना?"

यावर काकू चुलीपाशी मटकन खाली बसली. पदर तोंडाला लावला, आणि इतके दिवस जे कुणाला सांगितलं नव्हतं ते बोलून गेली. "मी थकले हो आजी. खरं सांगू? त्यांचा चेहरासुद्धा मला आता नीट आठवत नाही. पाणी पिण्याआधी तांब्याचा काठ उपरण्याने पुसायची खोड होती, तेवढी आठवते. बाकी दिवसभर डोळ्यांसमोर असतो तो भात. ज्यांच्यासाठी उपाशी राहिले ते विसरले, आणि भूक तेवढी राहिली."

म्हातारी गुडघ्यावर हात टेकत उठली. आपला पाट तिने काकूला दिला, हात धुवायला पाणी घातलं, निवलेला भात बाजूला सारून गरम वाढला, वर वरण, वर तूप. मग समोर उभी राहिली आणि म्हणाली, "सावकाश होऊ द्या."

आता हे वाक्य कुणाचं? यजमानाचं. पाहुण्याने पाहुण्यासारखं जेवावं म्हणून घरचा माणूस ते म्हणतो. काकूने ते आयुष्यभर दुसऱ्यांना म्हटलं होतं, तिला कुणी म्हटलं नव्हतं. तिने घास उचलला. नवस मोडला हे तिला पुरतं ठाऊक होतं, आणि तरी ती जेवली. मग पंगत जेवली, मग म्हातारी. वरणात मीठ कमी आहे, हे त्या दिवशी काकूला स्वतःला कळलं म्हणे.

म्हातारी गेली ती परत दिसली नाही. पण काकूने त्यानंतर रीतच पाडली. आधी माझे चार घास, मग तुमची पानं. ज्याला कमीपणा वाटत असेल त्याने पुढचं दार बघावं. लोक थांबायला लागले. आमटीची चव सुधारली, हेही एक कारण असेल. तरीही वाटेवर घोड्याची टाप वाजली की ती घास खाली ठेवून दाराकडे बघायची. आपण जेवलो, आता ते यायचे नाहीत, ही रुखरुख तिला सोडत नव्हती.

पुढे केस पिकले. अशाच एका दुपारी पंगत बसली होती आणि काकू सगळ्यांसमोर आपल्या पाटावर. टोकाला एक माणूस उशिरा येऊन टेकला. दाढी वाढलेली, एक पाय ओढत आलेला, अंगावर सगळ्या वाटांची धूळ. शेजारच्याने त्याला इथली रीत सांगितली, त्याने मान डोलावली आणि हात मांडीवर घेतले. मग तहान लागली म्हणून तांब्या उचलला, आणि पिण्याआधी उपरण्याच्या टोकाने त्याचा काठ पुसला.

काकूचा घास तोंडाशीच थांबला. नवरा उपाशी दारात आलाय आणि आपण जेवतोय. कुठलीही बाई काय करेल? पान सारून उठेल. तीही उठायला लागली, एक हात जमिनीला टेकला होता. विसाजीपंतांनी तिच्याकडे बघितलं. बायकोला 'अहो-जाहो' कोण करतो? पण ते म्हणाले, "सावकाश होऊ द्या."

ती बसली. चारही घास ती जेवली, डोळ्यांतलं पाणी न पुसता. मग उठून त्यांचं पान वाढलं. इतकी वर्षं ते कुठे होते, कुणाच्या दारात जेवले, हे त्यांनी तिला सांगितलं असेल. गोष्टीत ते आलेलं नाही. म्हणे दोघंही इतकी दमली होती की त्या दुपारी जेवून नुसती भिंतीला टेकून बसली होती.

आजही या बोळात जो तव्याशी उभा राहतो तो आधी जेवतो. तो बघा आला, हात पुसत. रामभरोसे नाव, भिंडकडचा आहे, मराठीचा गंध नाही. पहाटेपासून त्या आचेपाशी उभा आहे. त्याने घास उचलला की तुम्ही ते तीन शब्द म्हणायचे, तेवढे त्याला कळतात. उत्तर देणार नाही, तोंडात घास असतो. पण जेवेल मात्र सावकाश.